जॉन स्नो आणि चालायचं अंतर

मराठी सेक्शनसाठी काहीतरी लिही म्हणून मॅगझिनची एडिटर गेले दोन महिने माझ्या मागे लागली होती. आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठी आम्हाला होतं, पण थर्ड लँग्वेज. निबंध पाठ करायचे, लिहायचे आणि विसरायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझी बोंबच आहे. मराठी मीडियमच्या एका मैत्रिणीने हे सगळं तपासून दिलंय, तरी काही राहिलं असेल तर वाचकहो, सांभाळून घ्या.

विषय मात्र मला शोधावा लागला नाही. तो व्हायवाच्या दिवशी आपणहून समोर आला.

झालं असं, की थर्ड इयरला आमच्या चौघींच्या ग्रुपने जीआयएसचा मिनी प्रोजेक्ट घेतला होता. गावातल्या कोणत्या वस्त्यांना बसचा स्टॉप चालत जाण्याइतका जवळ आहे आणि कोणत्या वस्त्या सुटल्यात, हे नकाशावर दाखवायचं. आम्ही काय केलं, प्रत्येक स्टॉपभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढलं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला बफर म्हणतात, दोन क्लिकचं काम. वर्तुळाच्या आत हिरवा रंग, बाहेर लाल. नकाशा इतका छान दिसत होता की आम्ही त्याची कलर प्रिंटसुद्धा काढली. मॅडमनी ती प्रिंट बघितली आणि मला विचारलं, यात तुझं घर कुठे? मी मोठ्या रुबाबात हिरव्या भागात बोट ठेवलं. स्टॉप किती लांब? मी म्हटलं ३०० मीटर. आणि रोज चालायला किती वेळ लागतो? वीस मिनिटं, असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मग माझं मलाच कळलं. आमच्या घरामागे नाला आहे. स्टॉप नाल्याच्या पलीकडे. पूल पार खालच्या अंगाला, त्यामुळे वळसा घालून जवळजवळ दीड किलोमीटर होतं. तीन वर्षं मी रोज तो वळसा घालते, आणि नकाशात मात्र स्वतःचंच घर हिरवं रंगवून मोकळी झाले!

मॅडम रागावल्या नाहीत. जॉन स्नोचा नकाशा बघून या, पण पहिला नको, दुसरा बघा, एवढंच म्हणाल्या आणि आठ दिवसांनी परत बोलावलं. ग्रुपमधल्या एकीला वाटलं गेम ऑफ थ्रोन्सवाला जॉन स्नो. तो नव्हे हो. हा खराखुरा डॉक्टर होता, आणि त्याला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली.

जॉन स्नोचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधल्या यॉर्क या गावी झाला. नऊ भावंडांत तो थोरला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करत. घर नदीजवळच्या गरीब वस्तीत. अशा घरातला मुलगा पुढे राणीचा डॉक्टर होईल असं कोणाला वाटलंही नसेल. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलला एका डॉक्टरच्या हाताखाली शिकायला ठेवलं. तेव्हा डॉक्टर व्हायची हीच पद्धत होती, आधी उमेदवारी आणि मग कॉलेज. तिथे असतानाच १८३१ मध्ये इंग्लंडात पहिल्यांदा कॉलरा आला आणि अठरा वर्षांच्या या पोराला किलिंगवर्थच्या कोळसाखाणीत मजुरांवर उपचार करायला पाठवलं गेलं.

कॉलरा म्हणजे आपली पटकी. मला हा शब्द आजीमुळे माहीत. तिच्या माहेरी वेशीबाहेर मरीआईचं देऊळ आहे, आणि पटकीत घरंच्या घरं कशी रिकामी व्हायची याच्या तिच्या आईने सांगितलेल्या गोष्टी ती अजून सांगते. हा रोग १८१७ साली बंगालमधून निघाला आणि काही वर्षांत जहाजांतून, काफिल्यांतून थेट इंग्लंडपर्यंत पोचला. सकाळी धडधाकट असलेला माणूस जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत जायचा. औषध नव्हतंच.

खाणीत स्नोने बघितलं ते असं. मजूर दिवसभर खाली जमिनीत. तिथे संडासाची सोय नाही, हात धुवायला पाणी नाही, आणि त्याच हातांनी डबा खायचा. ही गोष्ट त्याच्या डोक्यात राहिली असणार, कारण अठरा-वीस वर्षांनी तो याबद्दल लिहितो. याच काळात तो शाकाहारी झाला, दारूला शिवायचं नाही असं ठरवलं, आणि पाणी शुद्ध केल्याशिवाय पिणं बंद केलं. मित्र त्याला थोडा चक्रमच समजत असावेत.

१८३६ साली तो पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेला, आणि गेला तो चालत! तेही सरळ नाही, लिव्हरपूल, वेल्स, बाथ असा फेरा मारत. (वळसे घालायची सवय त्याला तेव्हापासूनच होती.) मग सोहो भागात राहून १८३८ मध्ये सर्जनची परीक्षा, १८४४ मध्ये एम.डी. मधलं सगळं सांगत बसत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. १८४६-४७ च्या सुमारास ऑपरेशनच्या वेळी ईथर देऊन पेशंटला गुंगी आणायची पद्धत इंग्लंडात आली, आणि स्नो त्यातला सगळ्यात जाणकार माणूस ठरला. किती तापमानाला हवेत किती ईथर मिसळतं याचा त्याने हिशोब मांडला, नेमका डोस देणारी उपकरणं बनवली. क्लोरोफॉर्मचंही तसंच. १८५३ मध्ये आणि परत १८५७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला तो त्यानेच. म्हणजे तो काही कोपऱ्यातला अनोळखी डॉक्टर नव्हता. प्रॅक्टिस चांगली चालली होती, नाव होतं. लग्न केलं नव्हतं. आवाज जरा घोगरा, स्वभाव बुजरा. आरामात आयुष्य गेलं असतं.

वायूंचा हा अभ्यासच त्याला कॉलऱ्याकडे घेऊन गेला, असं मला वाटतं. त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांचं मत असं, की रोग घाणेरड्या हवेतून येतो. गटाराचा, कचऱ्याचा वास नाकात गेला की माणूस आजारी. स्नोला हे पटेना. वायू उगमापासून लांब गेला की विरळ होतो, हे त्याला रोजच्या कामामुळे पक्कं ठाऊक. मग एका खोलीतला माणूस मरतो आणि त्याच हवेतला शेजारचा वाचतो, असं का? शिवाय विष श्वासातून जात असेल तर आधी फुप्फुसं बिघडायला हवीत. इथे तर सुरुवातच आतड्यांपासून होते. म्हणजे जे काही आहे ते तोंडावाटे पोटात जात असणार, आणि बहुतेक पाण्यातून. १८४९ साली त्याने हे एका छोट्या पुस्तकात मांडलं. लोकांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. जंतू कोणी दाखवलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या हातात पुरावा असा काही नव्हताच.

१८५४ चा ऑगस्ट संपत होता. ३१ तारखेच्या रात्री सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याचा भडका उडाला. दहा दिवसांत अडीचशे यार्डांच्या आत पाचशेहून जास्त माणसं मेली. पुढे एकूण आकडा ६१६ वर गेला. ज्यांना शक्य होतं ते घरं सोडून पळाले. स्नो तेव्हा सॅकव्हिल स्ट्रीटला राहायचा, तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. सगळे बाहेर पळत असताना हा आत शिरला.

ब्रॉड स्ट्रीटला एक सार्वजनिक हातपंप होता. पाणी थंड, चवीला चांगलं, लांबून लोक न्यायला यायचे. स्नोने पाणी बघितलं तर त्यात डोळ्यांना फारसं काही दिसलं नाही. मग तो जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेला आणि २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांत या भागात कॉलऱ्याने गेलेल्या ८३ जणांची यादी घेतली, पत्त्यांसकट. आणि यादी घेऊन दारोदार फिरला. ज्या घरात कालपरवा माणूस गेलाय तिथे जाऊन विचारायचं, पाणी कुठलं प्यायचात? आम्ही व्हायवानंतर गावात सर्व्हेला फिरलो तेव्हा, बस कुठून पकडता हा साधा प्रश्न विचारतानाही माझी जीभ अडखळत होती. त्याने ते कसं केलं असेल मला माहीत नाही.

८३ पैकी ७३ मृत्यू अशा घरांत होते ज्यांना ब्रॉड स्ट्रीटचा पंप सगळ्यात जवळ. त्यातले ६१ जण तिथलं पाणी नेहमी किंवा अधूनमधून प्यायचे असं घरच्यांनी सांगितलं. उरले दहा. त्यांना दुसरा पंप जवळ होता. माझ्यासारखीने त्यांना आउटलायर म्हणून काढून टाकलं असतं. स्नो मात्र त्या दहांच्याच मागे लागला. त्यातल्या पाच घरांनी सांगितलं, जवळचा पंप सोडून आम्ही मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचं पाणी मागवायचो, ते चांगलं लागायचं. आणखी तीन जण लहान मुलं होती, आणि त्यांची शाळा त्या पंपाजवळ.

उलटी बाजूही त्याने तपासली, म्हणजे पंपाच्या शेजारी राहून वाचलेले लोक. पोलंड स्ट्रीटवर गरिबांसाठीची मोठी इमारत होती, वर्कहाऊस. आत ५३५ माणसं आणि मेली फक्त पाच. चौकशी केली तर त्यांची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्या दारूच्या भट्टीत सत्तरेक कामगार आणि एकही मेला नाही. त्यांना कामावर बिअर मिळायची, पंपाकडे ते फिरकायचेच नाहीत. (दारूला हात न लावणाऱ्या स्नोने हे प्रामाणिकपणे लिहून ठेवलं याचं मला भारी कौतुक वाटतं. आता त्या पंपाजवळच एक पब आहे आणि त्याला नाव दिलंय जॉन स्नो!) आणि एक बाई तर काही मैल लांब हॅम्पस्टेडला राहायच्या, जिथे कॉलरा नव्हताच. त्या वारल्या. कारण आधी त्या ब्रॉड स्ट्रीटला राहायच्या, तिथल्या पाण्याची चव त्यांना आवडायची, म्हणून रोज गाडीतून एक बाटली मागवायच्या. इस्लिंग्टनहून त्यांच्याकडे आलेली भाची तेच पाणी प्यायली, तीही गेली.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो तिथल्या पंचमंडळींसमोर उभा राहिला आणि पंपाचा दांडा काढून टाका अशी विनंती केली. दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. आणि कॉलरा थांबला... असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. खरं तसं नाही. तोपर्यंत निम्म्याहून जास्त वस्ती पळून गेली होती आणि साथ आधीच उतरणीला लागली होती. स्नोने स्वतःच हे कबूल केलंय, की दांडा काढला त्या दिवशी विहिरीत विष उरलं होतं की नाही हे आपल्याला सांगता येणार नाही. मला त्याची ही गोष्ट फार आवडते. आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कन्क्लूजनला आम्ही काय काय फेकलेलं असतं, आठवून बघा.

आता नकाशे. डिसेंबर १८५४ मध्ये त्याने एका सभेत नकाशा दाखवला. तोच पुढे १८५५ च्या त्याच्या पुस्तकात आहे आणि तोच सगळीकडे छापला जातो. प्रत्येक मृत्यूसाठी एक छोटी काळी रेघ, आणि ती रेघ त्या घरासमोर रस्त्याच्या कडेला एकावर एक रचलेली. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती नुसता काळा थर दिसतो. नकाशात एकूण १३ पंप. हा झाला पहिला नकाशा. खरं सांगायचं तर असे ठिपक्यांचे नकाशे आधीही झाले होते, ब्रॉड स्ट्रीटचाच नकाशा गटार खात्याच्या एका इंजिनिअरने त्याच्याही आधी काढला होता. नकाशा बघून घाण हवेवाला माणूस म्हणू शकतो, की बरोबर आहे, पंपाजवळची हवाच खराब. काळा थर दोन्हीकडे चालतो.

दुसरा नकाशा १८५५ मध्येच पॅरिशच्या चौकशी समितीच्या रिपोर्टमध्ये आला. आम्ही तो लायब्ररीच्या पीसीवर झूम करून बघितला. त्यात एक जास्तीची ठिपक्यांची रेषा आहे, वेडीवाकडी, कुठे आत शिरलेली, कुठे बाहेर आलेली. ती वर्तुळ नाही, चौकोनही नाही. ती रेषा अशा जागांमधून जाते जिथून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा कुठला तरी पंप सारख्याच अंतरावर आहेत. आणि अंतर म्हणजे फूटपट्टीने मोजलेलं नाही, रस्त्याने चालत मोजलेलं! रेषेच्या आत असाल तर तुमच्या पायांना ब्रॉड स्ट्रीट जवळ, बाहेर असाल तर दुसरा पंप. मृत्यू जवळजवळ सगळे आत. हवेला रस्ते लागत नाहीत, ती छपरांवरून सरळ जाते. पाण्याची बादली घेऊन जाणाऱ्या माणसाला गल्लीबोळातूनच जावं लागतं. मृत्यूंनी बोळांची हद्द पाळली होती.

रूपर्ट स्ट्रीटच्या पंपाबद्दल तर त्याने साफ लिहिलंय, की काही गल्ल्या नकाशावर या पंपाला अगदी चिकटून दिसतात, पण रस्ता असा फिरून जातो की प्रत्यक्षात त्या बऱ्याच लांब पडतात. हे वाचलं आणि मी लॅबमध्ये मोठ्याने हसले. आमचा नाला!

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर त्याने जे हाताने काढलं त्याला आज नेटवर्क व्होरोनॉय म्हणतात. रस्त्यांचं जाळं हा ग्राफ. चौक म्हणजे नोड, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एज, रस्त्याची लांबी म्हणजे वेट. सेकंड इयरला आपण डायक्स्ट्राचा अल्गोरिदम घोकतो ना, तोच इथे लावायचा, फक्त एका नोडपासून सुरू न करता तेराही पंपांपासून एकदम. समजा तेरा ठिकाणी रस्त्यावर पाणी सोडलंय आणि ते सगळीकडे सारख्या वेगाने रस्त्यारस्त्याने पुढे सरकतंय. जिथे दोन पंपांच्या धारा समोरासमोर भेटतात तिथे हद्दीची खूण. अशा खुणा जोडल्या की स्नोची ठिपक्यांची रेषा. डायक्स्ट्राने आपला अल्गोरिदम छापला १९५९ मध्ये, म्हणजे स्नोच्या त्या नकाशानंतर १०४ वर्षांनी.

आज यासाठी पुष्कळ सॉफ्टवेअर आहेत. टोकियो विद्यापीठात ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅनेट नावाचं टूल खास रस्त्यांवरच्या अंतरासाठी बनवलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. अपघात, दुकानं, चोऱ्या या गोष्टी रस्त्याच्या कडेलाच घडतात. मोकळ्या मैदानासाठी बनवलेलं गणित त्यांना लावलं, तर नसलेली गर्दी दिसते आणि असलेली दिसत नाही. म्हणून आधी प्रत्येक ठिपका जवळच्या रस्त्याला चिकटवायचा, म्हणजे स्नॅप करायचा, आणि पुढचं सगळं अंतर रस्त्यानेच मोजायचं. (स्नोच्या काळ्या रेघा बघा, त्या आधीपासूनच रस्त्याला चिकटलेल्या आहेत!) फुकटात हवं असेल तर क्यूजीआयएसमध्ये नेटवर्क अॅनालिसिस आहे, डेटाबेस येत असेल तर पीजीराउटिंग, आणि पायथॉनवाल्यांसाठी ओएसएमएनएक्स, जे ओपनस्ट्रीटमॅपवरून गावाचे रस्ते ग्राफ करूनच हातात देतं. बसचा विचार करायचा तर मीटरऐवजी मिनिटं धरायची आणि स्टॉपवर वाट बघायचा वेळ त्यात मिळवायचा. आर वापरणाऱ्यांसाठी तर कॉलरा नावाचंच एक पॅकेज आहे! स्नोचे १३ पंप, ५७८ मृत्यू आणि सोहोचे रस्ते त्यात आहेत, आणि कुठल्या पंपाचा चालत जायचा मुलूख कुठवर हे काही सेकंदांत रंगवून मिळतं. मी ते चालवून बघितलं. रंग भरताना बघून मजा वाटली आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. एक-एक रेघ म्हणजे एक माणूस, आणि मी कलर स्कीम बदलत बसले होते.

स्नो मात्र तेवढ्यावर थांबला नाही. त्याच वर्षी दक्षिण लंडनमध्ये त्याला याहून मोठं जाळं सापडलं, नळांचं. दोन खासगी कंपन्यांचे पाइप त्याच त्याच गल्ल्यांतून गेलेले, एका घराला एकीचं पाणी, शेजारच्या घराला दुसरीचं. हवा तीच, श्रीमंती-गरिबी तीच. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपलं पाणी घ्यायचं ठिकाण टेम्स नदीच्या वरच्या अंगाला, गटारांच्या आधी नेलं होतं. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराच्या घाणीतूनच पाणी उचलत होती. ज्या घरांत मृत्यू झालाय तिथे पाणी कोणत्या कंपनीचं हे लोकांनाही सांगता येत नसे, म्हणून स्नो बाटलीत पाणी घ्यायचा आणि मीठ तपासायचा. खालच्या पाण्यात मीठ जवळजवळ चाळीसपट निघायचं, त्यावरून कंपनी कळायची. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा त्याचा हिशोब असा, की दर दहा हजार घरांमागे घाण पाणी पिणाऱ्यांत ३१५ मृत्यू, तर चांगलं पाणी पिणाऱ्यांत ३७. मला विचाराल तर ब्रॉड स्ट्रीटपेक्षा हे काम भारी आहे. पण यात काढायला पंपाचा दांडा नाही, त्यामुळे गोष्टीसारखं कोणी सांगत नाही.

एवढं सगळं करून झालं काय? १८५५ मध्ये सरकारी समितीने त्याचं म्हणणं नाकारलं. संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली तर लॅन्सेट साप्ताहिकाने त्याची टर उडवली. पुस्तकावर स्वतःचे २०० पौंडांहून जास्त घातले आणि हाती आले ते काही शिलिंग. पटलं ते एकालाच, आणि गंमत म्हणजे तो त्याला खोटं ठरवायला निघालेला तरुण पाद्री होता. हेन्री व्हाइटहेड त्याचं नाव. ब्रॉड स्ट्रीटच्या घराघरात त्याची रोजची उठबस होती, त्यामुळे पळून गेलेल्यांनासुद्धा शोधून त्याने विचारलं, आणि जितकं विचारत गेला तितका स्नोच खरा निघत गेला. शेवटी साथीचं मूळही त्यालाच सापडलं. ४० नंबरच्या घरात पाच महिन्यांचं एक बाळ साथीच्या आधीच आजारी पडलं होतं. आईने दुपटी धुतलेलं पाणी घरासमोरच्या संडासाच्या खड्ड्यात टाकलं होतं, आणि खड्डा पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांवरसुद्धा नव्हता. खणून बघितलं तर विटा ढासळून घाण विहिरीत झिरपत होती. त्या बाळाचे वडील कॉलऱ्याने आजारी पडले ते नेमके ८ सप्टेंबरला, दांडा निघाला त्याच दिवशी. म्हणजे खड्ड्यात परत विष पडलं, पण पाणी उपसायला दांडाच नव्हता. साथ कमी झाल्यावर दांडा काढला हे खरं, तरी काढला नसता तर काय झालं असतं, विचार करा.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरचं पुस्तक लिहीत असताना स्नोला झटका आला आणि १६ जूनला तो गेला. वय ४५. लॅन्सेटने चार ओळींची बातमी दिली, तीही क्लोरोफॉर्मची. कॉलऱ्याचा त्यात उल्लेख नाही. त्याच उन्हाळ्यात टेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेला बसवेना, आणि लंडनची मोठी गटारं बांधायला पैसे मंजूर झाले ते त्या वासामुळे! १८६६ मध्ये पूर्व लंडनला परत कॉलरा आला तेव्हा पाणी उकळून प्या असं सांगायला लोक तयार झाले. रॉबर्ट कॉखने जंतू ओळखून जगाला सांगितला तो १८८४ साली, आणि तो सापडला कलकत्त्याला. इटलीच्या पाचिनीने तो १८५४ मध्येच, ब्रॉड स्ट्रीटच्याच वर्षी, सूक्ष्मदर्शकातून पाहिला होता, पण त्याचंही कोणी ऐकलं नव्हतं.

आठ दिवसांनी आम्ही वर्तुळं पुसली आणि रस्त्याने मोजून नकाशा परत केला. हिरवा रंग बराच आटला. आमचं घर अर्थातच लाल झालं. एका ठिकाणी सॉफ्टवेअर दोन किलोमीटर दाखवत होतं आणि तिथली एक मुलगी आमच्याच वर्गात, ती म्हणाली की छे, पाच मिनिटं लागतात. जाऊन बघितलं तर नाल्यावर लोखंडी साकव होता, जो ओपनस्ट्रीटमॅपवर कोणी काढलाच नव्हता. आम्ही तो काढला. मग बाकीच्या वस्त्याही वह्या घेऊन पायी फिरलो, शनिवार-रविवार दोन्ही.

सगळ्यात शेवटी आमचं घर. गुडघ्यांमुळे आजी आता महिन्यातून एकदाच बस पकडते, दवाखान्यासाठी. मी वहीत आमचा जवळचा स्टॉप आधीच लिहून टाकला होता, तरी विचारायचं म्हणून विचारलं, आजी, तू त्या पुलापलीकडच्या स्टॉपवरूनच जातेस ना? तर ती नाही म्हणाली. ती त्याच्या पुढच्या स्टॉपवर जाते, आणखी लांब. तिथे पिंपळाला पार आहे, बस येईपर्यंत बसता येतं.